जपून ठेवलेला आवाज

गोपालच्या वर्षश्राद्धाची पंगत उठली, आणि त्याच्या आईनं, देवकाबाईनं, कमरेची किल्ली सोडून नीरजच्या हातात ठेवली.

"आता जा वर," ती म्हणाली. "वर्ष झालं. आता हात लावाले हरकत नाई."

नीरजचं आष्टीच्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गोपाल त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि गावातला लग्नाचा शूटिंगवाला. मोठा बोलघेवडा माणूस. नवरदेवाच्या रुसलेल्या आत्यालाही कॅमेऱ्यासमोर हसवून सोडायचा. गेल्या माघात एका लग्नाहून परत येताना त्याची मोटरसायकल संत्र्याच्या ट्रकखाली गेली. दोन बाजूंनी शूटिंग करायचं म्हणून त्या दिवशी बायकोचा, सुरभीचा, फोनही तो घेऊन गेला होता. दोन्ही फोनांचा चुरा झाला. सुरभी तेव्हा पोटुशी होती. पिंकी नंतर जन्मली.

पिंकीला बाप होता तो भिंतीवरच्या फोटोत. आवाज कुठंच नव्हता. लग्नाच्या फिल्ममधून शूटिंगवाल्याचं बोलणं काढून टाकतात आणि वर गाणं चढवतात. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यानं टिपली, पण एकाही फिल्ममध्ये गोपाल बोलत नव्हता. तो बोलत होता फक्त न कापलेल्या कच्च्या क्लिपांमध्ये, आणि त्या होत्या त्याच्या कॉम्प्युटरात. पोरीला एकदा तरी बापाचा आवाज ऐकवायचा, एवढी एकच गोष्ट सुरभी वर्षभर धरून बसली होती.

पण देवकाबाईसमोर कोणाचं काय चालणार? तिची सगळी हयात भाजीच्या वाडीत गेलेली. दुधीचं, वांग्याचं, चवळीचं बी ती घरचंच धरायची. बी वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरायचं आणि वरून शेणामातीनं तोंड लिंपून टाकायचं. हंगाम येईपर्यंत त्या मडक्याला शिवायची कोणाची बिशाद नव्हती. सारखं उघडून पाहिलं की बी किडतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. मुलाच्या कॉम्प्युटरचंही तिनं तेच केलं. चादरीत गुंडाळला, हळदकुंकू वाहिलं आणि वरच्या टिनाच्या खोलीला कुलूप घातलं. सुरभीनं पोळ्याला किल्ली मागितली, दिवाळीत परत मागितली. म्हातारी दोन्ही वेळा नाही म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती, पण हट्ट मात्र दगडाचा होता.

नीरजनं कुलूप काढलं. माघ असूनही टिनाखाली उकडत होतं. मग मे महिन्यात इथं काय भट्टी पेटली असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो झटकला. कॉम्प्युटर सुरू होईना, तेव्हा त्यानं आतली एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी ड्राइव्ह, काढली, खाली आणली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. सुरभी पिंकीला मांडीवर घेऊन समोर बसली. देवकाबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

ड्राइव्हचं नाव पडद्यावर आलं. फोल्डरांची नावंही आली. सुरभी पुढं सरकली. नीरजनं पहिली क्लिप उघडली आणि ती अडकली. दुसरीही अडकली. त्यानं तपासणीचा प्रोग्रॅम लावला, तर सगळा पडदा लाल चौकोनांनी, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांनी, भरत गेला.

त्याला आधी गोपालचाच राग आला. या मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हला आतून चालवणारा प्रोग्रॅम, जुनं होतं. एकदा लिहून ठेवलेला डेटा आतल्या आत फिका पडत जायचा आणि वाचताना ड्राइव्ह रखडायची. कंपनीनं नंतर सुधारलेलं फर्मवेअर दिलं. ते घातलं की ड्राइव्ह चालू असताना जुनं लिखाण स्वतःच परत ताजं करून ठेवायची. नीरजनं दहादा सांगितलं होतं. "लग्नं आटपू दे बे, मंग येतो दुकानात," गोपाल म्हणायचा. लग्नं आटपायच्या आधी तोच आटपला.

आणि मग स्वतःचा राग आला. तेरवीला आला तेव्हा वरचं कुलूप त्यानं पाहिलं होतं. पण रडत्या घरात ड्राइव्हची गोष्ट काढायची कशी, म्हणून तो जेवून निघून गेला होता.

"नीरजभाऊ," सुरभीनं विचारलं, "बंद ठेवल्यानं झालं का हे?"

प्रश्न त्याला होता, पण ती बघत होती सासूकडे. या घरात आता दोन बायका आणि एक लेकरू. दोघी मिळून वाडी करत, मिळून बाजारात बसत. हो म्हटलं की या दोघी एका चुलीवर राहणार नाहीत, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

"नाई वहिनी," तो म्हणाला. "कंपनीचा मालच खराब निघाला. कोणाची चूक नाई."

सुरभीनं मान खाली घातली. देवकाबाईनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला आणि ती खाली बसली. नीरजलाही बरं वाटलं. खोटं बोलून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मंग माहं बरोबरच होतं," देवकाबाई म्हणाली. "बरं झालं, ते दुसरी डबी म्या त्या खराब मालासंगं वर नाई ठेवली."

"कोणती डबी, काकू?"

"गोपालची. काळी, लहानशी, वायरवाली. घरचं शूटिंग त्याच्यात टाकत जाय तो. बियाच्या मडक्यात लिंपून ठेवली म्या. ते आता कोणाच्याच हाती देत नाई. पिंकीच्या लग्नात फोडू मडकं."

ती डबी नीरजनंच गोपालला विकली होती. बाहेरून जोडायची छोटी एसएसडीच ती. पिंकीच्या लग्नापर्यंत तिच्यात काही उरणार नव्हतं. पुढच्या वर्षापर्यंत तरी उरेल का, कोणास ठाऊक. आता गप्प बसणं म्हणजे त्या डबीचाही जीव घेणं.

"काकू, म्या खोटं बोललो," तो म्हणाला. "बंद ठेवल्यानंच गेलं ते. याच्यात विजेचा बारीक बारीक साठा राह्यते. वापरात असला तर टिकते, बंद ठेवला का झिरपून जाते, मडक्यातल्या पाण्यावानी. अन् गरमीत लवकर जाते. ड्राइव्ह झिजलेली होती, वरून सारा उन्हाळा टिनाखाली बंद राह्यली. तुमाले माहीत नव्हतं. मले माहीत होतं, अन् म्या बोललो नाई."

पिंकी वायरशी खेळत होती.

"म्या किल्ली मांगतली होती," सुरभी म्हणाली. आवाज चढला नाही. "दोनदा मांगतली होती."

देवकाबाई रडली नाही. उठली, आत गेली, आणि विळ्याच्या मुठीनं मडक्याचं तोंड फोडल्याचा आवाज आला. राखेनं माखलेल्या हातांनी तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतली डबी आणून नीरजसमोर ठेवली. पिशवीला दुधीच्या चार बिया चिकटल्या होत्या. मग ती लॅपटॉपच्या अगदी पुढ्यात बसली. सुरभीला पिंकीला घेऊन तिच्या मागं बसावं लागलं.

डबी थंड जागेत राहिलेली, म्हणून नीरजला थोडी आशा होती. पहिली क्लिप उघडली नाही. त्यानंतरच्याही नाहीत. तो एकेक करून पुढं जात राहिला, आणि शेवटी एक उघडली. सुरभीच्या ओटीभरणाची होती. पाटावर हिरव्या साडीत सुरभी, आणि कॅमेऱ्याच्या पुढून ताट घेऊन लगबगीनं जाणारी देवकाबाई. सगळा पडदा तिच्या पाठीनं भरला. मागून गोपालचा आवाज आला, हसरा, वैतागलेला, अगदी जसाच्या तसा.

"आई, सरक न बाजूले. काऊन मधात येऊन राह्यली? सुरभी दिसून नाई राह्यली मले."

चित्र तिथंच गोठलं. नीरजनं खूप खटपट केली, पण पुढचं काही वाचता येईना. आवाजानं पिंकी मात्र दचकली आणि आजीच्या खांद्याआडून मान काढून माणूस कुठं आहे ते शोधायला लागली.

देवकाबाईनं एक हात जमिनीला टेकला, उठली आणि बाजूला झाली.