काकूंचा हत्ती

"ट्रेडमार्कच्या कार्यालयाला संमतीचा कागद दाखवता येईल हो, पण गिऱ्हाईक कागद वाचून मोजे घेत नाही," वकीलबाई म्हणाल्या होत्या. मी नुसती मान डोलावली आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. डोक्यात एकच होतं, हत्ती मिळाला पाहिजे.

तान्ह्या मुलांचे हातमोजे, पायमोजे मी घरीच शिवायला लागले होते. बाळ झालं तेव्हा दवाखान्यात बसल्या बसल्या नवऱ्याने पेनाने एक हत्ती काढला होता, सोंड वर केलेला. तोच आमचा ट्रेडमार्क. नोंदणीचा अर्ज केला आणि हरकत आली: लहान मुलांच्या कपड्यांसाठी असाच हत्ती आधीच नोंदलेला आहे. वकीलबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. "सोंड सोडली तर जुळे भाऊच. दुसरा प्राणी घ्या ना, जंगलात काय तुटवडा आहे?" मला ते पटेना. मग दुसरा मार्ग उरला, जुन्या हत्तीच्या मालकिणीचं संमतिपत्र.

त्या मालकीणबाई लोकरवाल्यांच्या गल्लीत सापडल्या. शटराएवढ्या रुंदीची खोली, पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, माणूस एकटं. सगळे त्यांना हत्तीवाल्या काकू म्हणत.

मी भीत भीत विचारलं तर त्या हसल्या. "हत्ती काय मी माहेरून आणलाय? घे की. माझे हात तरी आता कितीसे चालतात!" सही करताना मात्र पेन थांबलं. "एवढं कर, प्रत्येक मोजा उलटा करून बघत जा. आतला दोरा बोटाला गुंडाळला की बाळ रडतं, आणि आईला वाटतं भूक लागलीय."

"बघतेच मी, काकू."

तेव्हा खरंच बघायचे. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी बाई मी.

नोंदणी झाली. मागणी वाढली तशी शिलाई बाहेर दिली. गठ्ठे यायचे, मी वरचे दोन-चार मोजे उलटून बघायचे आणि बाकीचे पाठवून द्यायचे.

एका सकाळी बाळाला घेऊन काकूंकडे बसले होते. एक बाई तरातरा आत आली आणि तिने काउंटरवर मोजा आपटला.

"माझ्या लेकीचं बोट निळं पडलं होतं! डॉक्टरांनी दोरा कापला म्हणून वाचलं. हत्ती बघून डोळे झाकून घेतला मी. थोरल्याला तुमचेच घातले होते ना!"

मोजा माझा होता. काकूंनी तो उलटला, आतला दोरा चाचपला. "बाळ कसं आहे आता?"

"अहो, हा यांचा नाही, माझा आहे," मी उठून म्हणाले. "हत्ती सारखा दिसतो, पण..."

"मग यांनी तुम्हाला हत्ती लावू कसा दिला?"

"त्यांची संमती होती, रीतसर..." मी समजवायला गेले आणि तिथेच माती खाल्ली.

बाई काकूंकडे वळली. "म्हणजे तुम्हीच सही करून दिलीत? वा!"

"हो," काकू म्हणाल्या. "सही माझीच आहे."

आयांमध्ये अशी गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? मीही चार जणींना सांगितलीच असती. माझं काही दुकान नव्हतं, त्यामुळे येणारी प्रत्येक जण काकूंच्याच दारात भांडली. पुढे भांडायलाही कुणी येईना, तेव्हा काकूंनी शटर ओढून घेतलं. मी माल परत मागवला, हत्ती सोडून दिला, नोंदणी रद्द करून घेतली. "आधीच सांगितलं होतं" असं वकीलबाई म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हत्ती परत एकट्या काकूंचा झाला, पण शटर वर गेलं नाही. दुकान चालू होतं तोवर दिवसातून कुणीतरी "काकू" म्हणून हाक तरी मारायचं. आता मागच्या दाराशी जाते तर आतला रेडिओ बंद होतो. माझ्या बाबागाडीच्या चाकांचा आवाज ओळखतात बहुतेक. परवा तर रेडिओही लागलेला नव्हता.

लोकर घ्यायला त्या गल्लीत जाणार असाल तर एवढं करा. बंद शटराच्या बाजूच्या बोळातून मागे जा आणि कडी वाजवा. दार उघडलं तर जेवल्यात का, एवढंच विचारा. माझा विषय काढू नका. आणि नाहीच उघडलं, तर शेजारच्यांना हाक मारा, तसंच परत येऊ नका.