मातीत राहिलेलं बूड

लोटन हसणारा माणूस नव्हता. पंधरा वर्षांच्या संसारात मंदाबाईनं त्याला खळखळून हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. पण त्या सोमवारी दुपारी तो ताट चाटूनपुसून उठला, अंगणातल्या खाटेवर आडवा झाला, आणि तेवढ्यानंही ती सुखावली. श्रावणामुळे मटण बंद, त्याची जीभ आठवडाभर कुरकुरत होती. सकाळी सरपणाला गेली तेव्हा सागाखाली तिला लाल टोप्यांची अळंबी दिसली. लाल अळंबी तिनं माहेरी खाल्ली होती. आई करायची तशीच तिनं विळ्यानं वरच्यावर कापली, बुडं मातीत राहू दिली, पुन्हा उगवावीत म्हणून. शिजताना पातेल्यात चांदीचं जोडवं टाकून पाहिलं. काळं पडलं नाही, म्हणजे विषारी नाही, अशी बाईसाहेबांची खात्री पटली. तिला स्वतःला उपास होता.

शेजारची धुरपदाबाई दारात टेकली. जन्मभर जंगलात मोळ्या बांधलेली बाई. मंदाबाईनं तिला कौतुकानं भाजीचं सांगितलं.

"बूड पाह्यलं का व?" धुरपदाबाईनं विचारलं.

"ते तं मातीतच आहे."

"अन् टोपीवर पांढऱ्या खपल्या?"

"नाही. साफ लाल होती."

"रातभर पानी पडलं. खपल्या धुवून गेल्या असतीन. चांदीले काय समजते माय? खायाच्या अळंबीचं बूड साधं राह्यते, दांडा खडूवानी मोडते. इखारीचं बूड कांद्यावानी फुगेल राह्यते. लोटनले जीपमंधी घालून यावलच्या दवाखान्यात ने."

मंदाबाई खाटेकडे वळली. पण नवऱ्याला काय सांगायचं, तुम्हाला विष घातलं म्हणून? त्याच्या रागाला ती घाबरत होती. आधी बूड पाहते, मग सांगते, असं म्हणून तिनं धुरपदाबाईला त्याच्यापाशी बसवलं आणि चपला न घालताच धावत सुटली.

सागाखाली तिनं बोटांनी माती उकरली. पहिलं बूड साधं निघालं. दुसरंही साधं, आणि दांडा खडूसारखा कटकन मोडला. तिला रडू फुटलं. देवाला हात जोडून ती उठणारच होती, पण दोन हातांवर आणखी एक कापलेला दांडा दिसला. तिथं बोटांना गोल, टणक काहीतरी लागलं. ते फुगलेलं होतं, वर खपल्यांची वर्तुळं होती. ते मुठीत धरून ती घराकडे धावली. मूर्ख बाई, मूर्ख बाई, असं ती स्वतःलाच म्हणत होती. एवढ्या वेळात जीप यावलला पोचली असती.

वळणावरच तिला हसण्याचा आवाज आला. पुरुषाचा, मोकळा. हा आवाज कोणाचा ते क्षणभर तिला कळेना.

लोटन खाटेवर बसून डुलत होता. धुरपदाबाईनं त्याचे दोन्ही खांदे घट्ट धरले होते.

"हसता काहाले हो?" मंदाबाईनं मूठ न सोडताच विचारलं.

त्यानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि फार आदरानं म्हणाला, "अक्का, आमची मंदा कुठी गेली? तिले सांगजा, भाजी लय मस्त झाली होती."