दोन नळ्यांमधला फरक

मिस्त्रींनी बॉनेटखाली वाकून उजव्या हाताने जाड नळी धरली आणि डाव्या हाताने बारीक. इंजिन सुरू होते, एसी पूर्ण सोडलेला होता, आणि तरीही गाडीच्या आतल्या जाळ्यांतून येणारी हवा भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखी अंगावर येत होती. मागच्या सीटवर, चहूबाजूंनी उशांचा आधार देऊन बसवलेला तीन मजली केक होता. तो ज्यांनी केला होता त्या केकवाल्या काकू उघड्या दारात ओणव्या होऊन पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होत्या.

"मिस्त्री, लवकर काय ते बोला. वरच्या मजल्यावरचा गुलाब खाली उतरायला लागलाय."

"उतरू दे की. खाली दोन मजले रिकामेच आहेत."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! तिकडे पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसलेत."

मिस्त्रींची मुलगी शेजारी दिवा धरून उभी होती. गाडीचा एसी ठणठणीत असेल तर जाड नळी गार पडते आणि बारीक नळी तापते, एवढे गॅरेजात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. मिस्त्रींचे वेगळेपण असे, की त्या दोहोंमधला फरक नेमका किती आहे यावरून ते दुखणे सांगत. गॅस कमी झाला आहे, पंखा मंदावला आहे की कॉम्प्रेसर नुसताच फिरतो आहे, हे एकही स्क्रू न काढता सांगणारा दुसरा माणूस आसपास नव्हता. गिऱ्हाइके या पत्र्याच्या शेडखाली येत ती त्या दोन हातांसाठी. मुलीचे काम होते दिवा धरणे, नट सोडवणे आणि बापाशी वाद घालणे. तिन्ही ती मन लावून करी.

"दोन्ही सारख्याच," मिस्त्री म्हणाले. "कॉम्प्रेसर गेला. फिरतोय, पण दाब धरत नाहीये. उतरवावा लागेल."

"म्हणजे कितीचं काम?"

"आजचं विसरा, काकू."

काकूंचा पुठ्ठा थांबला. त्यांनी एकदा केककडे, एकदा शेडबाहेरच्या उन्हाकडे पाहिले, आणि मग दुप्पट वेगाने वारा घालायला सुरुवात केली.

"काय उकडतंय," असे पुटपुटत मिस्त्रींनी उजवा तळहात पँटवर पुसला. "नुसता घाम फुटलाय."

मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडणार होती. तेवढ्यात तिचे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. ओला होता तो फक्त उजवा तळहात. डावा कोरडा होता, आणि अंगठ्याच्या मुळाशी लालभडक. तिने दिवा जरा पुढे सरकवला. जाड नळीच्या धातूच्या टोकावर पाण्याचे बारीक थेंब दाटले होते. वडील हत्यारांच्या पेटीकडे वळल्याचे पाहून तिने तिथे बोट टेकवले आणि लगेच मागे घेतले. नळी थंडगार होती. मग तिने बारीक नळीला हात लावला, आणि तोही तितक्याच घाईने काढला.

एरवी तिने तिथल्या तिथे भांडण काढले असते. पण काकू दोन हातांवर उभ्या होत्या, आणि काकूंच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत केकच्या डब्यांबरोबर घरोघर पोहोचे. तिने दिवा या हातातून त्या हातात घेतला. पुन्हा पहिल्या हातात घेतला.

मिस्त्री गॅस काढण्याचे यंत्र ओढत आले. एकदा गॅस निघाला की चांगला चालणारा कॉम्प्रेसर विनाकारण खाली उतरणार, केकचे मातेरे होणार, आणि मग बाकावर ठेवलेल्या त्या निर्दोष यंत्रात खोट शोधत मिस्त्री बसणार. त्यांनी नळीवरचे टोपण चाचपडत शोधले. त्यांची बोटे तिथे पोहोचण्यापूर्वी मुलीने टोपणावर आपला हात ठेवला.

"बाबा, नळ्या एकदा परत बघा ना."

"बघितल्या की."

"आता इंजिन बराच वेळ चाललंय. कधीकधी उशिरा गार पडतं."

"कोण म्हणतं असं?"

"तुम्हीच म्हणता."

त्यांनी असे कधीही म्हटलेले नव्हते, आणि हे दोघांनाही पक्के माहीत होते. मिस्त्री तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर टोपणावरच्या तिच्या हातावर आली, तिथून पँटवर उमटलेल्या ओल्या डागावर, आणि तिथून स्वतःच्या तळहातावर. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, एखादा सुटा भाग गिऱ्हाइकाने आणून द्यावा तसा.

मग ते पुन्हा वाकले, नेहमीपेक्षा खाली, आणि इंजिनात काही ऐकत असल्यासारखा त्यांनी जाड नळीला गाल लावला. तपासायला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ तो गाल तिथेच राहिला. थेंब हनुवटीपर्यंत ओघळले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"डुलकी लागली का हो?" काकूंनी विचारले.

"गार आहे," मिस्त्री म्हणाले. कोणाला, ते कळले नाही. मग ताठ होऊन गॅरेजातल्या आवाजात म्हणाले, "काकू, गारवा तयार होतोय. तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. डॅशबोर्डाखाली एक झडप असते, ती हीटरच्या बाजूला अडकलीय."

"मघाशी तर कॉम्प्रेसर गेला म्हणालात!"

मुलीने काहीतरी सांगायला श्वास घेतला. तिला हाताने थांबवून ते म्हणाले,

"मघाशी चुकलो."

इतक्या वर्षांत हा शब्द त्या शेडखाली तिने ऐकला नव्हता. काकूंना मात्र त्यात थांबण्यासारखे काही वाटले नाही.

"बरं, चुकलात तर चुकलात. पण आता पटपट सुधारा बाई, हा बघा मधला मजलासुद्धा कलायला लागला!"

मुलगी डॅशबोर्डाखाली पाठीवर सरकली. पाय दाराबाहेर राहिले. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून सांगत राहिले, डावीकडे, अजून आत, काळी छोटी मोटर असेल, तिचा दांडा. दांडा खुंटीवरून निसटला होता. तिने तो अंगठ्याने रेटून परत बसवला. आत खट् झाले, आणि जाळीतून गार हवेचा झोत सुटला. काकूंनी आधी स्वतःचे तोंड त्यात घातले, मग लाजून बाजूला होऊन तो केकला दिला. गाडी चौकातून वळेपर्यंत त्यांचा एक हात मागे, गुलाबाला धरून होता.

शेडखाली आता दोघेच उरले. मिस्त्रींनी पाने पुसले, पेटीत ठेवले, पुन्हा बाहेर काढले. मुलीने कपाटातून मलमाची ट्यूब आणली आणि न विचारता त्यांचा डावा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी फोड धरला होता.

"दुखतंय?"

"नाही."

"कधीपासून कळत नाहीये हातांना?"

"शर्टाची बटणं चुकायला लागली तेव्हापासून असेल."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास."

"घातलाच असता!"

"मग?"

तिने मलम जरा जास्तच जोरात चोळले. ते त्यांना कळले की नाही, हे तिला कळले नाही.

भिंतीलगत आणखी एक गाडी सकाळपासून उभी होती. तिचा मालक चावी ठेवून गेला होता. मिस्त्री उठले. त्यांनी बॉनेट वर केले, तिने इंजिन सुरू केले आणि समोर आली. सवयीने त्यांचे दोन्ही हात पुढे झाले आणि नळ्यांच्या वीतभर अलीकडे थांबले. क्षणभर ते तसेच अधांतरी राहिले. मग त्यांनी ते मागे नेऊन पाठीशी एकमेकांत अडकवले.

"लाव हात."

तिने दोन्ही नळ्यांवर हात ठेवले.

"सांग."

"जाड गार आहे. बारीक गरम आहे."

"एवढं तर काकूही सांगतील. गार म्हणजे कसं?"

ती गोंधळली. असे कधी कोणी तिला विचारले नव्हते. "पहाटे दाराचं कुलूप लागतं ना हाताला, तसं."

"बाहेरच्या फाटकाचं की आतल्या दाराचं?"

तिने बोटे नळीवर थोडी सरकवली. "आतल्या."

"हं," मिस्त्री म्हणाले. त्यांची मान हळूहळू हलू लागली. "आणि बारीक?"

बारीक नळीवर हात फार वेळ ठेवता येईना. तिने तो काढला, त्यावर फुंकर घातली, आणि पुन्हा ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "सांगते."