तुइलागी मास्तरांचा प्रश्न

माझी बायको सीएनी वारल्याचं कॉलेजात कळलं त्या दिवशी तुइलागी मास्तरांनी वर्ग सोडला नाही. फ्रिज दुरुस्तीचा तास पुरा घेतला आणि मग माझ्या घरी येऊन चटईवर बसले. "तिचं-माझं भांडण अर्धंच राहिलं," एवढंच म्हणाले.

सीएनी त्याच कॉलेजात शिकवायची. आमच्या बेटावर, आपियाच्या बंदरात मासळीचं शीतगृह आहे. आमची मुलं तिथे कामाला लागत आणि थोड्याच दिवसांत घरी परतत. शेवटी एकदा अख्ख्या खोलीतली मासळी सडली आणि मालकाने कॉलेजची मुलं घेणंच बंद केलं. सगळे म्हणाले, हल्लीची पोरं आळशी. सीएनी मात्र मालकाला विचारून तिथे जाऊन बसू लागली, नुसती बघत. मुलांना काम येत होतं. पण मुकादम नवीन काही सांगे, समजलं का विचारी, आणि मुलं भुवया उडवून हो म्हणत. न समजताच! ज्याच्या हातून मासळी सडली, त्यानेही भुवईच उडवली होती.

ही सवय वर्गातच लागते, असं तिने सगळ्या शिक्षकांसमोर मांडलं. थोरांना पुन्हा विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं मुलं मानतात आणि आपण मानू देतो. तेव्हा आधी शिक्षकांनीच कामाच्या जागी शिकाऊ म्हणून जावं. यावर मास्तर भडकले होते. "या वयात मी माझ्याच पोरांना विचारत बसू? गावच्या सभेत तोंड कसं दाखवू?"

दफनानंतर काही दिवसांनी ते शीतगृहात गेले. मला सोबत नेलं. तिथली कारागीर फेतू त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मास्तर तिच्यासमोर ओल्या जमिनीवर मांडी घालून बसले. ती बिचारी घाबरून त्यांच्याहूनही खाली वाकली. नव्या यंत्राचं तिने कसंबसं सांगितलं आणि विचारलं, "समजलं ना, मास्तर?"

मास्तरांची भुवई वर गेली. मग ते थांबले.

"नाही," ते म्हणाले. "मला कळलं नाही, पोरी. पुन्हा सांग."

मासळी वाहणारे हमाल टोपल्या धरून जागीच उभे राहिले. गावचा मानकरी, पांढऱ्या केसांचा माणूस, आणि सगळ्यांदेखत नाही म्हणतो! सीएनीने हे बघायला हवं होतं.

"आता मास्तर पट्टी खाणार," एक हमाल पुटपुटला. मास्तरच आधी हसले. तेव्हा कुठे फेतूने मान वर केली आणि हातवारे करून नीट सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हे सगळं वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून भीत भीत एक प्रश्न आला. "मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले, "फेतूला विचारून येतो." पुढे मालकाने दोन मुलं परत घेतली, बघू या म्हणून.

मंडळी, नोकरी टिकवायला हातात कसब लागतं, तशी कळलं नाही म्हणायची हिंमतही लागते. मुलांमध्ये ती यायला हवी असेल, तर शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकाऊ व्हावं.

सुतारकामाचे आणि स्वयंपाकाचे मास्तर अजून शिकाऊ म्हणून कुठे गेलेले नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाच्या जागी सीएनी जाऊन बसणार होती. तिथे अजून कुणीच बसलेलं नाही.