बरणीतला खेकडा

वणीच्या अलीकडच्या माळावर दर मंगळवारी दोनेकशे माणसं जमत. रंगनाथ महाराजांसमोर काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. प्रत्येक बरणीत काळं, कडक, कडांना तंतू लोंबणारं काहीतरी.

"कर्करोगातला कर्क म्हंजी खेकडा," महाराज सांगत. "डॉक्टर त्याला कापतो, मंग तो चवताळतो. आपला लेप त्याला नुसती हाक मारतो. आठ दिवसांत नांग्यांसकट भायेर."

लोक बरण्यांना हात जोडत.

वत्सलाबाईही त्या गर्दीत होत्या. जानेवारीत त्यांच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत मीच तपासला होता. कॅन्सर होता. गाठ दोन सेंटिमीटरची, शस्त्रक्रियेची तारीख दिलेली. त्या आल्याच नाहीत. एप्रिलमध्ये त्यांना शोधत मी आणि डॉ. आशा गायधनी माळावर पोचलो.

डॉ. आशा आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता. त्याआधी सव्वीस वर्षं कर्करोगाचं संशोधन. नव्या विद्यार्थ्याला त्यांचा पहिला धडा ठरलेला: औषध रोगी पेशींवर घालाल तेव्हा निरोगी पेशींवरही घालून बघा.

"माझा खेकडा पडला, म्याडम," वत्सलाबाई म्हणाल्या. "ती तिसरी बरणी माझी."

डॉ. आशांनी वाद घातला नाही. बाही वर करून त्या महाराजांसमोर बसल्या.

"मलाही लावा."

"तुमाला कुठं गाठ हाय?"

"नाही ना. मग खेकडाही निघणार नाही. लावा."

"लावा की महाराज, भेता काय?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. महाराजांना लेप लावावाच लागला.

पुढच्या मंगळवारी त्या परत गेल्या. हातावर रुपयाएवढी जखम होती आणि बाटलीत काळी खपली, तंतूंसकट.

"माझ्या हातात कॅन्सर नव्हता. मग हा कुणाचा खेकडा?"

"दडून बसला आसंल," महाराज म्हणाले.

एका म्हातारीने डॉ. आशांचा हात धरून नीट पाहिला. "कसला खेकडा? बिब्बा उतलाय ह्यो. आन् आपल्याला एकीलाबी वळखू आला नाय."

म्हातारीचं बरोबर होतं. हातावरून खरवडलेला लेप आम्ही तपासला होता. त्यात बिब्ब्याचं तेल होतं आणि कळीचा चुना. दोन्ही कातडी जाळतात. जळलेली कातडी काळी पडून गळते, खालचे तंतू घेऊन.

वत्सलाबाईंनी आपली बरणी मागून घेतली. मी ती खपली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कॅन्सरची एकही पेशी नव्हती. दोन दिवसांनी दवाखान्यात मी त्यांना तसं सांगितलं.

"मंग माझी गाठ कुठं गेली?"

डॉ. आशांनी वत्सलाबाईंचीच बोटं धरून आधी छातीवरच्या लेपाच्या जखमेच्या बाजूला ठेवली, मग काखेत. "इथे आहे. आणि आता इथेही."

वत्सलाबाई बराच वेळ चाचपत राहिल्या.

उपचार सुरू झाले आहेत. पण जानेवारीत जो भरवसा देता आला असता, तो आज आम्हाला देता येत नाही.

चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, आधी निरोगी माणसावर करून दाखव. आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत दवाखान्याची तारीख चुकवू नका.