झेंडा रंगवलेला टँकर

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. माझ्या चालकाच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी इथे आलो. एका मोठ्या देशाने मला सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांसाठी भेट दिलं आणि माझ्या कुशीवर आपला झेंडा रंगवला. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पण मित्रांनो, अभिमानाने कुणाची तहान भागत नाही. निर्वासितांची छावणी ज्या सरकारच्या हद्दीत होती, त्याचं त्या देशाशी वाकडं होतं. पाणी भरताना देणाऱ्या देशाचा साहेब झेंड्यासकट फोटो काढल्याशिवाय नळ सोडत नसे, आणि छावणीच्या वाटेवरच्या सरकारी नाक्यावर झेंडा दिसला की मला अडवत. म्हणून फोटो झाला की चालक झेंड्यावर चिखल लिंपायचा. नाक्यावरचा हवालदार सारं ओळखून होता.

"काय मामा, आजही चिखलात लोळवलंत याला?"

"रस्ताच तसा आहे."

"रस्त्यावर तर धुरळा उडतोय," म्हणत तो आडवा दांडा वर करायचा.

छावणीतली म्हातारी सुईण सगळ्यांची मावशी होती. हगवणीची साथ आली, तेव्हा आजाऱ्यांना तीच घोटघोट पाणी पाजायची.

"लेकरा, सोमवारी लवकर ये. पिंपाचा तळ दिसायला लागलाय," तिने चालकाला बजावलं.

सोमवारी चालकाने पाणी वाचवायला चिखल कोरडाच मळला. उन्हात तो तडकला आणि नेमका नाक्यावर पोपडा गळून पडला. हवालदाराशेजारी राजधानीचा अधिकारी उभा होता.

"हे काय?"

"पाणी आहे, साहेब. आजाऱ्यांसाठी."

"कुणाचं पाणी, ते विचारतोय."

"नदीचं," चालक म्हणाला.

हवालदाराने मान खाली घातली. अधिकाऱ्याने वरून हुकूम मागवला. चालक झेंडा खरवडून काढायला तयार झाला, तर देणाऱ्या देशाचा साहेब फोनवर म्हणाला, "झेंडा गेला, तर उद्यापासून पाणी बंद." मी भरल्या पोटी उन्हात उभा राहिलो. पाणी तापत होतं आणि समोरच्या उतारावर छावणीचे तंबू दिसत होते. गुरुवारी सकाळी हुकूम आला.

आता मी भंगारात पडलो आहे. मित्रांनो, माझा गंज काढा, असं मी म्हणत नाही. पाणी घेऊन निघालेलं वाहन अडलेलं दिसलं, तर आधी त्याला जाऊ द्या. भांडण नंतरही करता येतं.

मावशीने आपल्या वाट्याचं पाणीही आजाऱ्यांना दिलं होतं. ती बुधवारी दुपारी वारली. आम्ही गुरुवारी पोचलो.