चौथी शिलाई

रजियाबीनं माह्यं ब्लाऊज मशीनवर आपटलं अन् म्हनाली, "चौथी शिलाई मी मारत नाई. नाई म्हंजे नाई."

मी बी काही कमी नाई. "शिवत नाई तं दुकान काहून उघडून बसल्या?" मी म्हनलं.

अमरावतीच्या गाडगेनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच रजियाबीचं लेडीज टेलरिंगचं दुकान हाय. एकोनीस वर्षं झाली, माह्यं एकूनएक ब्लाऊज तिनंच शिवलं. वय साठीच्या घरात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अन् जीभ कैचीहून धारदार. माही जीभ बी तशीच, म्हनून आमचं जमते.

भांडण आजचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माह्यं वजन ब्यान्नव किलो होतं. मी क्लासच्या पोरायची मेस चालवतो, रोजचे पस्तीस डबे. भाजीची चव पाहता पाहताच माह्यं एक जेवन होऊन जाये, अन् मंग ताट वाढून दुसरं. गुडघे बोलाले लागले तवा डॉक्टर म्हनले, "बाई, गुडघा बदलाचा का सवय बदलाची, तेवढं सांगा." मी सवय बदलली. पहाटे मालटेकडीचा चक्कर, दुपारी मोजून दोन पोळ्या, दिवेलागनीनंतर तोंडाले कुलूप. पोरं पुरनपोळी खात बसत अन् मी त्यायच्या ताटाकडं पाठ करून भांडे घासत राहो. आज काटा सासष्टवर हाय, अन् सात महिने झाले, तिथून हालला नाई.

वजन उतरे तसं मी ब्लाऊज घेऊन रजियाबीकडं जाये. दर वेळी माह्यं एकच म्हननं. "कापाचं नाई. आतून शिलाई मारा फक्त." म्हंजे उसवलं की ब्लाऊज परत होतं तेवढं झालं पाहिजे. अशा तीन शिलाया झाल्या होत्या, एकीच्या आत एक. दोन्ही बगलांत तीन-तीन बोटं कपडा दुमडून बसला होता.

"हे ब्लाऊज हाय का गादी?" रजियाबी म्हनाली. "आता सुई बी नाई घुसत यात. तू काय परत जाडी व्हाची वाट पाहून राहिली का?"

"वाट कोन पाहते. पन सांगता येते का काही?"

मले खरंच सांगता येत नव्हतं, कारन एकदा झालं हाय. सहा-सात वर्षांपूर्वी बी मी चौदा किलो उतरवले होते. हवेतच होती मी तवा. दारावर भांडेवाली आली, अन् मी सारं कपाट तिच्यापुढं रिकामं केलं. बारा ब्लाऊज, नऊ गाऊन, पाच ड्रेस. बदल्यात स्टीलचा हा एवढा मोठा गंज घेतला, पस्तीस पोरायचा भात एका वेळी शिजन असा. साऱ्या गल्लीले दाखवला. वर्ष सरलं नाई तं चौदाचे अठरा होऊन परत आले.

त्याच वर्षी भातकुलीले माहे सासरे, देवरावजी, वारले. तेरवीच्या सकाळी तिथं एकबी ब्लाऊज आंगात जाईना. शेवटी मोठ्या जाऊबाईचं, लीलाबाईचं ब्लाऊज घातलं. ते बी पुरलं नाई, मांगून चार सेफ्टीपिना लावल्या. अन् भर बायायमंदी लीलाबाई म्हनल्या, "हिनं कपडे देऊन गंज आनला, अन् मंग गंजासकट भात खाल्ला." साऱ्या बाया हासल्या. तेरवीच्या घरी, बरं का, सासऱ्यायच्या फोटोपुढं.

मी तिथं रडली नाई, घरी येऊन रडली. अन् त्या दिवशी ठरवलं की आता मोठा कपडा या घरातून बाहेर जानार नाई. दिवाणाच्या पोटात दोन मोठाले गाठोडे बांधून ठेवले हायेत. दुधानं तोंड पोळलं की मानूस ताकबी फुंकून पेते. शेखर, म्हंजे माहे मिस्टर, पाहुन्यायले सांगतात, "त्या दिवाणात माही पहिली बायको झोपून हाय, तिले उठवू नका." सारे हासतात, मी बी हासतो. पन दर महिन्याले गाठोडे उघडून, उन्हात दाखवून, डांबरगोळ्या टाकून परत बांधून ठेवतो.

हे रजियाबीले सांगाची मले लाज वाटे. म्हनून मी तिच्याशी नुसती भांडली. "नणंदेच्या प्राजक्ताचं लग्न हाय अकोल्याले, आठ दिवसांवर. हे जरीचं ब्लाऊज मले पाहिजे, वर्षभर घातलं नाई, आता ढिलं होते. शिवता का नाई ते सांगा."

रजियाबीनं चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं. "कच्चा टाका मारून देतो. हातानं. निघाला तं माह्या नावानं बोंबलू नको."

"नाई बोंबलत," म्हनलं.

बॅग भरतानी मी अजून एक शहानपन केलं. लग्नघर, दोन दिवस गोडाधोडाचं जेवन, कोनाचं आंग कसं फुगन सांगता येत नाई म्हनून गाठोड्यातलं अठ्ठेचाळीस मापाचं लाल ब्लाऊज बी बॅगेत टाकलं. दोन दिवसात कोनी पंचवीस किलो वाढत नाई, हे मले कळत नव्हतं असं नाई. पन भीतीले हिशोब येत नाई.

मे महिन्यातलं अकोला. मांडवात दोन कूलर लावले होते, ते गरम हवाच इकडून तिकडं फेकत होते. मी ऑटोतून उतरत नाई तं बायायनं घेरलं. "वाळली वं माय. शुगर निघाली का?" दुसरी म्हने थायरॉइड. तिसरी म्हने शेखर जेवाले घालत नाई वाटते. आमच्याकडं मानूस बारीक झाला की आधी त्याचा रिपोर्ट इचारतात. मी सगळ्यायले एकच उत्तर दिलं, "मालटेकडी निघाली." कोनाले समजलं, कोनाले नाई.

हळदीची पंगत बसली. बगलेतल्या त्या तीन-तीन बोटं दुमडीखाली घामोळ्या उठल्या होत्या अन् जर बोचून राहिली होती. मी तशीच वाढत होती. पत्रावळी कमी पडल्या. मांडवाच्या बांबूले गठ्ठा टांगला होता, तो काढाले मी हात वर केला अन् बगलेतून टर्र असा आवाज आला. दुसरा हात वर करत नाई तं दुसरीकडून. कच्चा टाका पार कमरेलोक उसवला. अन् आंगात घट्ट बसलेलं ब्लाऊज एका मिनिटात पोत्यासारखं लोंबाले लागलं.

मी पदर आंगभर ओढला, गठ्ठा कोनाच्या तरी हातात दिला अन् मागच्या खोलीत पळाली. दार ढकललं तं आत लीलाबाई.

त्या पलंगावर बसल्या होत्या, दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून. त्या उकाड्यात. मले पाहून दचकल्या. मले वाटलं, झालं, आता ह्या सुरू होतीन. पन त्यायनं पदर अजून घट्ट ओढला. मंग हळूच म्हनल्या, "पौर्णिमा, दाराले कडी लाव वं."

कडी लावली. त्यायनं पदर बाजूले केला. ब्लाऊजचे तीन हूक उडाले होते, अन् पाठीकडून शिवन फाटली होती. "सकाळपासून अशीच बसली हाय मी," त्या म्हनल्या. "गोळ्या चालू झाल्यापासून आंग सुजूनच राहिलं. पोरीच्या आंगाले हळद लावाले बी बाहेर गेली नाई. साऱ्या इचारून राहिल्या, मामी कुठं हाय म्हनून."

खरं सांगतो, माह्या जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. 'गंजासकट भात खाल्ला का, बाई?' सहा वर्षं मी ते वाक्य पाजळून ठेवलं होतं. बोलली असती तं कोनी मले नावं ठेवली नसती. पन त्यायचं तोंड पाह्यलं, अन् तेरवीच्या दिवशीचं माह्यं तोंड आठोलं. सेफ्टीपिना लावतानी मी बी अशीच खाली मान घालून बसली होती.

मी बॅगेतून लाल ब्लाऊज काढलं. "हे घाला."

त्यायनं घातलं. बसलं, थोडंसं ढिलंच बसलं. त्यायनं मोठा श्वास घेतला, अन् सकाळपासून पह्यल्यांदा पाठ सरळ केली. मंग त्यायचं ध्यान माह्या लोंबत्या ब्लाऊजकडं गेलं. नणंदेच्या कपाटातून सुईदोरा काढला, मले पुढ्यात बसवलं अन् आंगावरच शिवाले लागल्या. दुमडीत बोटं घालून पाहत म्हनल्या, "अवं, एवढा कपडा आत काहून वागवून राहिली? घामोळ्या पाह्य कशा झाल्या. कापून काहून नाई टाकत?"

"तुमी तेरवीले म्हनलं होतं म्हनून."

"काय म्हनलं होतं मी?"

मी सांगतलं. गंज, भात, सारं. त्यायची सुई थांबली. "मी असं म्हनलं होतं? मले तं आठोतबी नाई, पौर्णिमा."

खोटं नव्हत्या बोलत. त्यायले खरंच आठोत नव्हतं. मले आधी राग आला, असा की सुई हिसकून फेकावं वाटलं. दिवाणातले ते गाठोडे, त्या डांबरगोळ्या, ह्या तीन-तीन शिलाया, हे सारं मी ज्या वाक्यासाठी सांभाळलं, ते बोलनारी कवाच इसरून गेली होती. मंग मले हसू आलं. हसता हसता रडू आलं, ते काही थांबेना.

लीलाबाईनं दोरा दातानं तोडला. "चुकलं वं माह्यं," त्या म्हनल्या. "तवा तुह्या आंगावर हासली, आता माह्यावर आलं. चाल, हळद लावाची राहिली हाय." दोघी बाहेर आलो. त्यायनं प्राजक्ताले हळद लावली, अन् दोन बोटं माह्या गालाले बी.

अमरावतीले परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही गाठोडे ऑटोत टाकले अन् रजियाबीच्या दुकानासमोर उतरवले. गल्लीच्या तोंडापर्यंत ऑटो केला म्हनून शेखर हासले. हासू दे.

"टाका निघाला का?" रजियाबीनं वर न पाहताच इचारलं.

"निघाला. बोंबलली नाई मी." मी ब्लाऊज पुढं ठेवलं. मंग तिले तेरवीपासून हळदीपर्यंत सारं सांगतलं. तिनं मशीन थांबवलं अन् ऐकलं. शेवटी मी म्हनलं, "कापाचं ठरवूनच आली हाय. पन हात धजत नाई, रजियाबी. परत वाढली तं काय घालू?"

तिनं खालच्या खनातून मापाची वही काढली. कव्हर निघालेली, तेलाचे डाग पडलेली. माह्यं पान उघडलं. वर एकदाच नाव लिहिलं होतं, पौर्णिमा मेसवाली, अन् खाली एकोनीस वर्षांची छातीची मापं. छत्तीस, अडतीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, चाळीस, शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, मंग उतरत उतरत परत अडतीस. एकबी आकडा खोडला नव्हता.

"यातलं माह्यं कोनतं?" मी इचारलं.

"सारेच तुह्ये. वर नाव एकच हाय ना?" रजियाबी म्हनाली. "छत्तीसची होती तवा मी शिवलं. अठ्ठेचाळीसची झाली तवा बी मीच शिवलं. कवा हासली का मी? उद्या पन्नासची होशीन तं पन्नासचं शिवीन. शिवाचं काम माह्यं हाय बाई, तू काहून दिवाणात दुकान मांडून बसली?"

अठ्ठेचाळीसच्या आकड्याकडं मी पाहत राहिली. त्या दिवशी माप घेतानी मी डोळे मिटून उभी होती, मले आठोलं. अन् रजियाबीनं फीत लावून, आकडा लिहून, 'गळा गोल का चौकोनी' एवढंच इचारलं होतं.

"कापा," मी म्हनलं.

तिनं तिन्ही शिलाया उसवल्या, खडूनं रेघ मारली अन् कैची चालवली. जरीच्या दोन लांब पट्ट्या खाली पडल्या. मंग नवी, पक्की शिलाई मारली. गाठोडे उघडून तिनं दोन ढीग केले. चार ब्लाऊज लीलाबाईसाठी, त्या रविवारी येनार होत्या, भात मी त्याच गंजात टाकनार होती. बाकीचे सुती गाऊन गोधडीले.

ब्लाऊज हातात घेऊन मी आत बोट घालून पाह्यलं. शिलाईच्या बाहेर बोटभर कपडा शिल्लक होता. "हे काहून ठेवलं? तुमाले बी वाटते ना, मी परत वाढीन म्हनून?"

रजियाबीनं चष्मा वर केला. "येडी हाय का? बोटभर दाब मी सगळ्यायलेच ठेवतो. नव्या नवरीलेबी."

मी पडद्यामागं जाऊन ब्लाऊज घातलं. आरशापुढं उभी राहिली अन् दोन्ही हात पार डोक्यावर नेले, गठ्ठा काढतानी नेले होते तसे. काही उसवलं नाई, काही बोचलं नाई. तशीच जराशी उभी राहिली.

"झालं का?" बाहेरून रजियाबी म्हनाली. "पडदा सोड, दुसरी बाई आली हाय मापाले."